एकोणचाळीस शिलिंगांची चोरी

1811 च्या जुलै महिन्यात मुंबईच्या रेकॉर्डर कोर्टाचे न्यायाधीश सर जेम्स मॅकिन्टॉश यांनी ग्रँड ज्युरीपुढे आपल्या कारकिर्दीचा हिशेब मांडला. सात वर्षांची नोकरी संपवून ते मायदेशी निघाले होते. मुंबईला ते आठवतात ते बहुधा 1804 मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या लिटररी सोसायटीमुळे, कारण आजच्या एशियाटिक सोसायटीचे मूळ तीच संस्था. पण त्या भाषणातला हिशेब पुस्तकांचा नव्हता, फाशींचा होता. दोन लाख वस्तीचे हे शहर सात वर्षे एकाही फाशीशिवाय चालले आणि तरीही गुन्हे वाढले नाहीत, असे त्यांनी ज्युरीला सांगितले. आधीच्या न्यायाधीशांच्या काळातले आकडे कोर्टाच्या दप्तरातून काढून त्यांनी तुलनेसाठी शेजारी ठेवले होते. कायदा बदललेला नव्हता. तो चालवणारा हात बदलला होता. हा दावा न्यायाधीशाने स्वतःच्याच कामाविषयी केलेला आहे आणि सात वर्षांचा काळ थोडा आहे, म्हणून एवढ्यावरून काही सिद्ध झाले असे मी म्हणणार नाही. मात्र मॅकिन्टॉश ज्या देशातून आले होते तिथे याच्या नेमका उलटा प्रयोग सव्वाशे वर्षे चालू होता आणि त्याचे पुरावे भरपूर आहेत. शिक्षा जितकी कडक तितका समाज सुरक्षित, हे आपण आज पुन्हा मोठ्या खात्रीने बोलू लागलो आहोत. त्यामुळे तो प्रयोग नीट पाहायला हवा.

1688 च्या सुमारास इंग्लंडच्या कायद्यात देहान्ताचे गुन्हे पन्नासेक होते. ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने 1760 च्या दशकात मोजले तेव्हा ते 160 झाले होते आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोनशेच्या पुढे गेले. या कायद्यांना पुढे 'ब्लडी कोड', म्हणजे रक्ताळलेली संहिता, असे नाव पडले. ती कोणी एका बैठकीत लिहिली नाही. पार्लमेंटात जमीनदार आणि व्यापारी बसत. कुठे काही घडले, वर्तमानपत्रांत बोभाटा झाला की एक नवे कलम मंजूर होई आणि कलमाच्या शेवटी फाशी असे. 1699 मध्ये दुकानातून पाच शिलिंगांचा माल उचलणे देहान्ताच्या गुन्ह्यांत आले. 1713 मध्ये राहत्या घरातून चाळीस शिलिंगांची चोरी आली. 1723 मध्ये तोंडाला काळे फासून राजाची आणि सरदारांची हरणे मारणाऱ्या टोळ्यांविरुद्ध 'ब्लॅक ॲक्ट' झाला. त्या एका कायद्याने पन्नासच्या आसपास कृत्यांना फाशी लावली. कोणाच्या बागेतली झाडे तोडणे आणि तळ्याचा बांध फोडून मासे पळवणे हीदेखील त्यांत होती. हा कायदा केला होता तीन वर्षांसाठी. दर वेळी मुदत वाढत गेली, 1758 मध्ये तो कायमचा झाला आणि 1823 पर्यंत टिकला. आणीबाणीचा म्हणून आणलेला कडक कायदा सहसा परत जात नाही. याचे कारण साधे आहे: तो रद्द करणाऱ्यावर 'गुन्हेगारांचा कैवारी' असा शिक्का बसतो, आणि ठेवणाऱ्याला काहीच किंमत मोजावी लागत नाही.

या कायद्याच्या छायेत राहणारे लंडनकर निर्धास्त असायला हवे होते. तसे ते नव्हते. 1751 मध्ये कादंबरीकार आणि दंडाधिकारी हेन्री फील्डिंग यांना लुटारूंची संख्या का वाढली यावर स्वतंत्र पुस्तक लिहावे लागले. लंडनच्या टायबर्न या फाशीच्या जागी वर्षातून आठ वेळा फाशीचा दिवस असे. न्यूगेट तुरुंगातून गाड्या निघत, वाटेवर हजारोंची गर्दी जमे आणि तिथला देखावा जत्रेसारखा असे. त्याच गर्दीत खिसेकापूंचे हात चालत, आणि खिसा कापणे हादेखील तेव्हा फाशीचाच गुन्हा होता. डोळ्यांसमोर मृत्यू दिसत असताना हात का थांबत नव्हता? चोर मूर्ख होते म्हणून नव्हे. आपण पकडले जाऊ, पकडलो तर खटला उभा राहील, राहिला तर दोषी ठरू आणि ठरलो तरी खरोखर लटकवले जाऊ, या चारही गोष्टी एकामागोमाग घडण्याची शक्यता किती कमी आहे हे त्यांना सुखवस्तू घरातल्या खासदारांपेक्षा चांगले ठाऊक होते.

या प्रकरणाचा गाभा इथे आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये सरकारी वकील नव्हता, आजच्या अर्थाने पोलीसही नव्हते. ज्याचा माल गेला त्यानेच चोर शोधायचा, फिर्याद करायची, साक्षीदार आणायचे आणि खर्चही सोसायचा. लंडनबाहेरच्या मजुराला आठवड्याला दहा शिलिंगांच्या आसपास मिळत. पाच शिलिंगांचे कापड उचलणारी एखादी पोर दुकानदाराने पकडली तर त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या: तिला फासावर पाठवण्याचे ओझे आयुष्यभर बाळगायचे किंवा चार शब्द सुनावून सोडून द्यायचे. बहुतेक जण सोडून देत. प्रकरण कोर्टात गेलेच तर ज्युरी आडवी येई. चाळीस शिलिंगांना फाशी म्हणून ज्युरी मालाची किंमत एकोणचाळीस ठरवी, मग तो माल उघड उघड कितीही मोलाचा असो. शपथेवर केलेल्या या खोटेपणाला ब्लॅकस्टोननेच 'पुण्याईची खोटी साक्ष' अशा अर्थाचे नाव दिले होते. 1827 मध्ये मर्यादा चाळीस शिलिंगांवरून पाच पौंडांवर, म्हणजे शंभर शिलिंगांवर, नेली. लगेच ज्युरींची किंमत नव्याण्णव शिलिंगांवर गेली. एवढ्यातूनही शिक्षा झालीच तर न्यायाधीश दयेची शिफारस करत आणि राजा ती मान्य करून काळ्या पाण्यावर पाठवी. 1770 ते 1830 या साठ वर्षांत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 35,000 जणांना फाशी सुनावली गेली. प्रत्यक्षात फासावर गेले ते सुमारे 7,000. म्हणजे पाचांत एक, आणि त्याआधी फिर्यादच न झालेल्यांची तर गणतीच नाही. कोणाला दया मिळेल हे गुन्ह्यापेक्षा ओळखीवर, वशिल्यावर आणि त्या महिन्यात सरकारला जरब बसवायची होती की नव्हती यावर ठरे. शिक्षेला न्यायाचे रूप राहिले नव्हते, सोडतीचे आले होते.

कडकपणाने आणखी दोन विकृती आणल्या. वाटमारी करणारा आणि वाटमारी करून वर खून करणारा या दोघांना शिक्षा एकच असेल, तर लुटलेल्या माणसाला साक्ष द्यायला जिवंत ठेवण्यात लुटारूचा काय फायदा? इटालियन विचारवंत बेक्कारिया यांनी 1764 मध्ये शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात हवी असा आग्रह धरला, त्यामागे हेही कारण होते. दुसरी विकृती बक्षिसांची. पोलीस नसल्यामुळे सरकारने 1692 पासून वाटमारे पकडून देणाऱ्याला चाळीस पौंड देऊ केले. यातून चोर पकडणाऱ्यांचा धंदाच उभा राहिला. या धंद्याचा बादशहा जोनाथन वाइल्ड दिवसा चोरीचा माल मालकाला मिळवून देई आणि तोच माल चोरणाऱ्या टोळ्याही चालवी. ऐकेनाशा झालेल्या चोरांना तो फासावर पाठवी, आणि 1725 मध्ये स्वतः त्याच फासावर गेला. 1754 मध्ये तर मॅकडॅनियल नावाच्या माणसाची टोळी उघडकीला आली. ती बक्षिसासाठी पोरांना गुन्ह्यात गोवत असे. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपण सहज वापरतो. तिथे त्याचा दरपत्रकासकट बाजार भरला होता.

आता कोणीही म्हणेल की दोष कडकपणाचा नव्हता, ढिलाईचा होता. प्रत्येक फाशी खरोखर दिली असती तर धाक बसलाच असता. हा आक्षेप त्या काळीही घेतला गेला. 1780 च्या दशकाच्या मध्यावर मार्टिन मॅडन या धर्मगुरूने दयेचा कारभार बंद करा आणि सुनावलेली प्रत्येक शिक्षा अंमलात आणा असे पुस्तक लिहिले, आणि काही न्यायाधीशांनी ते मनावर घेतले. लंडनमध्ये 1783 साली 51 जणांना फाशी झाली होती; 1785 साली 97 जणांना झाली. चोऱ्या कमी झाल्या नाहीत. तरुण वकील सॅम्युअल रोमिली यांनी 1786 मध्ये मॅडनला उत्तर देताना नेमके यावर बोट ठेवले. शिक्षा देणारा राजा किंवा न्यायाधीश निष्ठुर होऊ शकतो, पण ज्युरीतला शिंपी, साक्ष देणारी मोलकरीण आणि फिर्याद करणारा वाणी यांना निष्ठुर होण्याचा हुकूम देता येत नाही. साखळीच्या शेवटच्या कडीवर जोर दिला की आधीच्या कड्या तुटतात.

रोमिली पुढे खासदार झाले आणि एकेक कलम काढण्याच्या मागे लागले. 1808 मध्ये खिसेकापूची फाशी गेली. त्यानंतर खिसेकापूंवरचे खटले वाढले आणि विरोधकांनी, बघा, गुन्हे वाढले, अशी ओरड केली. रोमिलींचे उत्तर मला या इतिहासातले सर्वांत मोलाचे वाटते. वाढली ती खिसेकापूगिरी नव्हे, वाढली ती तक्रार करण्याची तयारी, आणि कायदा बदलण्यामागे हाच तर हेतू होता, असे ते म्हणाले. गुन्ह्यांचे आकडे वाचताना आजही हा फरक पुसला जातो. दुकानातील पाच शिलिंगांच्या चोरीची फाशी काढणारे विधेयक मात्र 1810 मध्ये लॉर्डांच्या सभागृहात पडले. सरन्यायाधीश लॉर्ड एलनबरो विरोधात उभे राहिले आणि कँटरबरीच्या आर्चबिशपसह सात बिशपांनी विरोधात मत दिले. 1818 मध्ये रोमिली गेले, तेव्हा त्यांचे काम हाती घेतले ते मुंबईहून परतलेल्या मॅकिन्टॉश यांनी. 1819 मध्ये सरकारचा विरोध मोडून त्यांनी फाशीच्या कायद्यांवर चौकशी समिती नेमवून घेतली. तिच्यापुढे व्यापारी आणि सराफ येऊन आपण फिर्याद का करत नाही ते सांगू लागले.

कठोर कायद्याने ज्यांचे रक्षण व्हायचे तेच शेवटी त्याच्याविरुद्ध उभे राहिले. ब्लीचिंगच्या, म्हणजे कापड पांढरे करण्याच्या, मैदानात वाळत घातलेले कापड चोरल्यास फाशी होती. 1811 मध्ये ती काढा अशी मागणी त्या मैदानांच्या मालकांनीच केली, कारण ज्युरी चोरांना सोडून देत होत्या. खोट्या सह्या आणि बनावट नोटांबाबत कायदा सर्वांत निर्दय होता. विल्यम डॉड या धर्मोपदेशकासाठी तेवीस हजार लोकांनी सह्या केल्या, साहित्यिक डॉक्टर जॉन्सन यांनी लेखणी झिजवली, तरी 1777 मध्ये त्याला फाशी झालीच. पण 1830 मध्ये हजाराहून अधिक बँकर्सनी पार्लमेंटला अर्ज दिला की, या गुन्ह्याची फाशी रद्द करा, तिच्यामुळे आमचे पैसे असुरक्षित आहेत. त्यांना गुन्हेगारांची दया आलेली नव्हती. त्यांना शिक्षा होताना पाहायची होती आणि फाशीमुळे ती होत नव्हती. एव्हाना खोट्या सहीसाठीची शेवटची फाशी देऊन झाली होती. 1832 मध्ये घोडे आणि मेंढ्या चोरणे, नाणी पाडणे, राहत्या घरातून चोरी करणे यांची फाशी गेली. त्याच वर्षी मॅकिन्टॉश वारले. 1861 मध्ये देहान्ताचे गुन्हे उरले चार: खून, राजद्रोह, हिंसक चाचेगिरी आणि शाही गोद्यांना आग लावणे.

यावर शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की, श्रेय पोलिसांचे आहे, सौम्यतेचे नाही. रॉबर्ट पील यांनी 1829 मध्ये लंडनला गणवेशातले पोलीस दिले. एका वर्षात ते तीन हजारांवर गेले, रस्त्यांवर दिवे आले, मजुरी सुधारली. शतकाच्या उत्तरार्धात चोऱ्या आणि हाणामाऱ्या कमी होत गेल्या त्या यामुळे. हे मला मान्य आहे. शिक्षा हलकी केली की चोर साधू होतो असा माझा दावा नाही. पण पकडण्याची यंत्रणा आणि शिक्षेचे प्रमाण या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडता येत नाहीत. पोलिसाने पकडलेल्या माणसावर लोकांनी साक्ष द्यायची आणि ज्युरीने खरी किंमत सांगायची, तर शिक्षा त्यांच्या मनाला पटणारी हवी. दोनशे गुन्ह्यांची फाशी रद्द होऊनही इंग्लंड लुटले गेले नाही, हे एलनबरो आणि त्या सात बिशपांना मिळालेले पुरेसे उत्तर आहे.

आता आपल्याकडे पाहू. बलात्काराला फाशीपर्यंतची शिक्षा देणारे 'शक्ती' विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने डिसेंबर 2021 मध्ये एकमताने मंजूर केले. राष्ट्रपतींच्या संमतीअभावी ते अंमलात आले नाही. त्यामागचा संताप खरा होता, आणि तपासाला मुदत घालणे, विशेष न्यायालये देणे हा त्यातला भाग मला पूर्ण पटतो. चर्चा मात्र सगळी फाशीभोवती फिरली. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे वर्षानुवर्षे सांगतात की बलात्काराच्या दहांपैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलीच्या ओळखीचा असतो. कधी तो चुलता असतो, कधी शेजारी, कधी घरात पगार आणणारा एकटा माणूस. पोलीस ठाण्याची पायरी चढण्याआधी त्या मुलीची आई मनात जे तोलते, ते पाच शिलिंगांचे कापड गेलेल्या दुकानदाराने तोललेलेच असते. फरक इतकाच की त्याचे कापड गेले होते आणि हिची मुलगी अजून त्याच घरात झोपते.