नरांची बरणी

मोसमात रत्नागिरी-देवगडच्या आंबाबागांतून चाललं की कलमांच्या फांद्यांना टांगलेल्या प्लास्टिकच्या बरण्या दिसतात. आत तेलकट लाकडी ठोकळा, तळाशी मेलेल्या फळमाश्यांचा थर. त्या जवळजवळ सगळ्या नर असतात. कोकणात हिला ‘रक्षक सापळा’ म्हणतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तो घरोघर पोचवला. पण या बरणीचं माहेर दापोली नव्हे. ते आहे बिहारमधलं पुसा.

पुसाला १९०५ साली सरकारी शेतकी संशोधन संस्था निघाली. (१९३४च्या भूकंपात तिची इमारत कोसळली, संस्था दिल्लीला गेली आणि जाताना गावाचं नावही घेऊन गेली.) तिथे फ्रँक मिलबर्न हॉलेट नावाचा इंग्रज कीटकशास्त्रज्ञ नोकरीला होता. त्याच्या एका शेजाऱ्याने डास पळवण्यासाठी सिट्रोनेलाचं तेल वापरलं. डासांचं काय व्हायचं ते होवो, फळमाश्या मात्र थव्याने येऊन बसल्या. दुसरा कुणी असता तर माश्या झटकून मोकळा झाला असता. हॉलेटने त्या पकडून पाहिल्या, आणि सगळे नर निघाले. १९१२ मध्ये त्याने ही गोष्ट छापली, मग तेलासारख्याच वासाच्या एकेका रसायनावर माशी येते का हे पाहत बसला. १९१५च्या निबंधात मिथिल युजेनॉलचं नाव आलं. आजच्या बरणीतल्या ठोकळ्याला पाजतात ते हेच.

या रसायनात परकं काही नाही. आपल्या तुळशीतही ते असतं, आणि केरळात तुळशीचा पाला ठेचून करवंटीत ठेवून माशी मारण्याची रीत आहे.

नरच का भुलतो, याचं उत्तर मिळायला मात्र पुष्कळ वर्षं गेली. हा मादीचा वास असेल असं कुणालाही वाटेल, पण तसं नाही. जपानचे रित्सुओ निशिदा आणि मलेशियाचे टॅन केंग हाँग यांच्या संशोधनातून कळलं की नर मिथिल युजेनॉल चक्क खातो, पोटात त्याचं रूपांतर करून साठवतो आणि संध्याकाळी त्याचाच गंध सोडून मादीला बोलावतो. ज्याने ते खाल्लं त्याचं लग्न आधी जमतं. आपण त्याला लग्नाच्या तयारीतच गाठतो. दुधी-कारल्यावरची माशी वेगळी, ती या वासाला ढुंकूनही पाहत नाही. तिच्यासाठी क्यू-ल्युअर नावाचं वेगळं आमिष लागतं. आंब्याची बरणी वेलीच्या मांडवात टांगून ‘सापळा चालत नाही’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

हॉलेट १९२० मध्ये वारला आणि त्याचा शोध पडून राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आंब्यावरची ही आशियाई माशी हवाई बेटांवर पोचली, तेव्हा अमेरिकेच्या शेतकी खात्याची झोप उडाली. तिथल्या लॉरेन स्टायनर यांनी १९५२ मध्ये मिथिल युजेनॉल पुन्हा बाहेर काढलं आणि पुढे थेट प्रश्न केला: नरच उरला नाही तर? त्यासाठी प्रशांत महासागरातलं रोटा हे छोटं बेट निवडलं. उसाच्या चोथ्याच्या पुठ्ठ्याचे तुकडे मिथिल युजेनॉल आणि थोड्या कीटकनाशकात भिजवून विमानातून बेटभर टाकले, ठराविक दिवसांनी पुन्हा टाकले. बेटावरची माशी संपली. १९६५ मध्ये त्याचा वृत्तांत आला. जपाननेही आपल्या दक्षिणेकडच्या बेटांवर हाच मार्ग धरला आणि १९८६ पर्यंत ही माशी देशातून हद्दपार केली.

या कुळकथेतला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग रोटाचाच. विमानामुळे नव्हे. रोटावर एकही कोपरा सुटला नव्हता, आणि सभोवती समुद्र होता. आपल्याकडे हेक्टरी चार सापळे, जमिनीपासून चार-पाच फुटांवर, अशी शिफारस आहे. ती मी एकट्याने तंतोतंत पाळली तरी माझ्या बागेभोवती समुद्र नाही. एक नर अनेक माद्यांना पुरतो. शेजारच्या बागेत फळलेली मादी गडगा ओलांडून येते आणि पाडाच्या आंब्याच्या सालीखाली अंडी घालून जाते. अळी एकदा गरात शिरली की वरच्या फवाऱ्याचा तिला काय धाक? (गरातच होणारा साका हा वेगळा दोष, बरं का. त्यात माशीचा काही हात नाही.) फळ गळतं, अळी मातीत शिरून कोष करते आणि नवी माशी वर येते.

माशीकडे दुर्लक्ष करणं किती महागात पडतं ते २०१४ मध्ये कळलं. आपल्या मालात फळमाशी सापडत राहिल्याने युरोपीय संघाने १ मेपासून भारतीय आंब्याला दार बंद केलं, ते जानेवारी २०१५ मध्ये उघडलं. तेव्हापासून तिकडे जाणारा आंबा ४८ अंशांच्या गरम पाण्यात तासभर बुडवतात. जपानसाठी बाष्पप्रक्रिया, अमेरिकेसाठी विकिरण. सगळा खर्च फळ उतरवल्यानंतरचा, आणि त्यातला बराचसा या माशीपायी.

बरणी स्वस्त आहे, फळावर विषाचा थेंब पडू देत नाही, मधमाशीला धक्का लावत नाही. पण तिला एकटीला सोडू नये. यंदा सापळे टांगणार असाल तर आधी गडग्यापलीकडच्या बागवाल्याला गाठा, वाडीतल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात टांगा, आणि झाडाखाली गळलेला आंबा रोजच्या रोज उचलून नष्ट करा.