टाळेबंदीतील लाभवाटप : गरौठा तहसील
गरौठा हे उत्तर प्रदेशातील झाशी जिल्ह्याच्या एका तहसिलीचे मुख्यालय आहे. २५ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी लागू झाल्यावर बहुतांश सरकारी कार्यालये बंद झाली. जिल्हा प्रशासन, कोषागारे, बँका व स्वस्त धान्य दुकाने यांना मात्र सूट होती. प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेजअंतर्गत महिला जनधन खात्यांत एप्रिल ते जून दरमहा ५०० रुपये जमा करण्यात आले. गर्दी टाळण्यासाठी पहिला हप्ता काढण्याचे दिवस खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकानुसार ३ ते ९ एप्रिलदरम्यान ठरले. त्यानंतर तो केव्हाही काढता येत होता. १५ एप्रिलच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी वृद्ध व विधवा निवृत्तीवेतनाच्या वाटपाला मुभा दिली. रक्कम थेट खात्यात येत असली, तरी रोख हाती पडण्यासाठी ग्रामीण लाभार्थ्यांना बँक किंवा बँक मित्र गाठणे भाग होते.