जरा सरक म्हटलं म्हणून

12 मार्च 1954, जेवणाआधी. पेप्सू, म्हणजे पतियाळा आणि पूर्व पंजाबातल्या संस्थानांचं तेव्हाचं राज्य. हरिगढची मंडळी दुसऱ्या गावी लग्नाला आली आहेत. दारू मनसोक्त चालली आहे. बासदेव हा निवृत्त लष्करी जमादार भरपूर प्यायला आहे. मध्येच झोकांड्या खातो, मध्येच असंबद्ध बोलतो. एका साक्षीदाराच्या मते तो जवळजवळ बेशुद्धच होता. जवळ पिस्तूल आहे.

दुपार, जेवणाची वेळ. वधूच्या घरी काहीजण बसलेत, काही बसायचे आहेत. बासदेव आपल्या पायांनी चालत येतो, स्वतःसाठी जागा हेरतो आणि पंधरा-सोळा वर्षांच्या एका मुलाला जरा सरकायला सांगतो.

लगेच. मुलगा सरकत नाही. पिस्तूल निघतं, गोळी पोटात. मुलगा वाचत नाही. जुनं वैर नव्हतं, बेत नव्हता. ताटावर बसायच्या जागेपायी एक कोवळा जीव गेला, हे आजही वाचवत नाही.

काही पावलांनंतर. बासदेव पळू पाहतो, थोड्याच अंतरावर धरला जातो. धरल्यावर म्हणतो, माझ्या हातून घडलं, माफ करा.

सत्र न्यायालय. भारतीय दंड संहितेचं कलम 302, खून. पण नशा होती, हेतू दिसत नव्हता. म्हणून फाशी टळली, जन्मठेप झाली. पतियाळाच्या उच्च न्यायालयानं ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयापुढे एकच मुद्दा उरला: 302 की सौम्य 304, म्हणजे सदोष मनुष्यवध?

कळीचं कलम 86. नकळत किंवा बळजबरीनं पाजलेल्या दारूमुळे भानच उरलं नसेल तर कलम 85 बचाव देतं. स्वतःहून प्यायलेल्याला मात्र शुद्धीवरच्या माणसाइतकीच जाणीव होती, असं 86 धरून चालतं. इरादा होता का, हे घटनेवरून ठरवायचं. 85 आणि 86 ही कलमं 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 23 आणि 24 झाली आहेत.

17 एप्रिल 1956. न्यायमूर्ती चंद्रशेखर अय्यर निकाल देतात. नुसतं प्यायला होता, एवढं पुरेसं नाही; इरादाच करता येऊ नये इतकी मती गेली होती का, ते पाहायचं. जागा निवडणारा, पळणारा, माफी मागणारा माणूस तसा नव्हता. मला हा निकाल पूर्ण पटतो. नाहीतर आधी पिऊन मग मारणाऱ्याला कायद्यानंच वाट करून दिली असती.

अपील फेटाळलं. खुनाचा गुन्हा आणि जन्मठेप कायम.