जुन्या छायाचित्रांतील वाघिणी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर तट, बुरूज, ताम्रपट आणि बखरी उभ्या राहतात. सांगली-मिरजेच्या परिसरात या गोष्टींची वाण नाही. पटवर्धनांचे वैभव येथे आहे, मिरजेचा दर्गा आहे, सतारी-तंबोरे घडविणाऱ्यांची परंपरा आहे. परंतु मालगाडीच्या डब्याला कोणी इतिहासाचे साधन म्हटले तर ऐकणारा हसेल. आम्ही मात्र तसे म्हणतो, आणि का म्हणतो ते या लेखात सांगणार आहोत.

मालगाडीच्या डब्याला मराठीत ‘वाघीण’ म्हणतात. इंग्रजांच्या ‘वॅगन’ला आपल्या लोकांनी सहजपणे जंगलातील प्राण्याच्या नावाने आपलेसे केले. भाषाशुद्धीच्या चळवळीला असा सुंदर शब्द टाकसाळीत पाडता आला नसता. लोकांच्या जिभेने तो पाडला. या वाघिणी जुन्या छायाचित्रांत पुष्कळदा मागे उभ्या असतात. छायाचित्रकाराचे लक्ष त्यांच्याकडे नसते. त्याला टिपायचे असतात ते नवे स्टेशन, साहेबाचा दौरा, लग्नाची वरात नाही तर मित्रमंडळींचा घोळका. वाघीण आपली सहज चित्रात आलेली असते, आणि म्हणूनच तिच्या साक्षीला मोल आहे. चित्राच्या पाठीमागे माणसांनी लिहिलेला मजकूर पन्नास वर्षांनी आठवून लिहिलेला असू शकतो. वाघिणीच्या अंगावरील अक्षरे त्या दिवशी तेथे होती, एवढे निश्चित.

ही साक्ष ऐकण्यासाठी आपल्या भागातील लोहमार्गांची हकिकत ठाऊक हवी. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळात दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटक होरपळून निघाले. धान्य असूनही ते वेळेवर पोहोचविता आले नाही. त्यानंतर १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी स्थापन झाली. तिने एक मीटर रुंदीचे रूळ टाकले आणि १८९० पर्यंत पुणे, मिरज, बेळगाव व लोंढा एका सूत्रात गुंफले. लोंढ्यापुढे कॅसलरॉक ओलांडून गोव्यातील मुरगाव बंदरापर्यंत हीच रुंदी होती. १८९१ मध्ये कोल्हापूर संस्थानचा फाटा मिरजेस येऊन मिळाला, १९०७ मध्ये सांगली संस्थानचा जेमतेम पाच मैलांचा. हे सारे मीटरगेज. १९०८ साली सदर्न मराठा आणि मद्रास या दोन कंपन्या एक होऊन ‘मद्रास अँड सदर्न मराठा’ असे लांबलचक नाव रूढ झाले. वाघिणींच्या अंगावर त्याची आद्याक्षरे आली : एम. अँड एस. एम.

मग १९२७ मध्ये पंढरपूरकडून एक तिसरीच पाहुणी मिरजेत आली, ती बार्शी लाइट रेल्वे. हिचे रूळ अवघे अडीच फूट अंतरावर. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी असा हा मार्ग सुरू केला. १९०६ मध्ये तो पंढरपुरास आणि १९११ मध्ये लातुरास पोहोचला, आणि मिरजेस टेकला तेव्हा एकूण लांबी सुमारे दोनशे मैल झाली होती. हा कॅलथ्रॉप मोठा विलक्षण गृहस्थ. मित्र विमान अपघातात गेल्यावर त्याने उर्वरित आयुष्याचा मोठा भाग वैमानिकांसाठी हवाई छत्री तयार करण्यात घालविला. त्याची गाडी मिरजेस आली त्याच वर्षी तो निवर्तला.

कॅलथ्रॉपचा सिद्धान्त साधा होता. रूळ हलके असले तरी चालतील, पण गाडीचे वजन सर्व आसांवर सारखे वाटले गेले पाहिजे. कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार नको. म्हणून त्याच्या वाघिणी चार चाकांच्या नव्हत्या. दोन बोग्यांवर मिळून आठ लहान चाके, दाबून घडविलेल्या पोलादी पत्र्याचा सांगाडा, पंचवीस फूट लांबी आणि सात फूट रुंदी. अडीच फुटांच्या रुळांवर सात फुटांचे अंग! छायाचित्रात ही वाघीण समोरून दिसली तर लहान पाटावर मोठे पातेले ठेवल्यासारखी दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली दिसते. एकदा डोळा बसला की ती विसरत नाही.

रुळांची रुंदी छायाचित्रावरून कशी ठरवावी, असे आम्हांस अनेक जण विचारतात. यास फूटपट्टी लागत नाही. रुळांजवळ उभा असलेला माणूस पुरतो. ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधील अंतर साडेपाच फूट, म्हणजे मध्यम उंचीच्या माणसाएवढे. मीटरगेजचे अंतर त्याच माणसाच्या कमरेच्या किंचित वर जाते. बार्शी लाइटचे त्याच्या मांडीपाशीच थांबते. रूळ दिसत नसतील तर वाघिणीचे तोंड पाहावे. जुन्या ब्रॉडगेज वाघिणीला डावी-उजवीकडे दोन धक्के असतात. मीटरगेज व नॅरोगेज वाघिणीला मधोमध एकच. केवळ चाके मोजून निर्णय करू नये, कारण मीटरगेजवरही बोगीच्या वाघिणी होत्याच.

त्यानंतर अक्षरे. भिंग घेऊन बसावे. मालकाची आद्याक्षरे, क्रमांक, रिकाम्या वाघिणीचे वजन, भार किती घालावा याचा आकडा, आणि नशीब बलवत्तर असेल तर कारखान्यात शेवटची दुरुस्ती कधी झाली याची तारीख. ही तारीख हाती लागली की काळ वर्षा-दोन वर्षांच्या आत येतो. नुसती आद्याक्षरेही बरेच सांगतात. एस. एम. आर. असेल तर ती १९०८ पूर्वी रंगविलेली. एम. अँड एस. एम. असेल तर तो काळ १९०८ ते १९५१ यांमधला, कारण १४ एप्रिल १९५१ रोजी ती कंपनी दक्षिण रेल्वेत विलीन झाली. बार्शी लाइट सरकारने विकत घेतली ती १९५४ च्या प्रारंभी. अर्थात कंपनी बुडाली म्हणून दुसऱ्या दिवशी सर्व वाघिणींना नवा रंग कोणी देत नाही. जुनी अक्षरे पुढेही काही काळ फिरत राहत. नवी अक्षरे मात्र आपल्या जन्माआधी कधीच दिसत नाहीत. म्हणून वाघीण ‘याच्या आधीचे नाही’ हे ठामपणे सांगते. ‘याच्या नंतरचे नाही’ हे जरा चाचरत सांगते.

अमेरिकेत या विषयाला शास्त्राचे रूप आले आहे. तेथे सर्व कंपन्यांच्या वाघिणींच्या क्रमांकांची जंत्री १८८५ पासून नियमित छापली जात आली, त्यामुळे छायाचित्रातील क्रमांक जुळवून वाघिणीचे वर्णन काढता येते. आपल्याकडे हे काम घरोघरच्या पेट्यांतील छायाचित्रांपासूनच करावे लागते.

स्थळनिश्चितीचा प्रश्न अधिक गमतीचा आहे. मीटरगेजची वाघीण ही भटकी. रुंदी एक असली की एका कंपनीची वाघीण दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर बिनदिक्कत जात असे. म्हणून एम. अँड एस. एम. ही अक्षरे मालक सांगतात, गाव सांगत नाहीत. ती वाघीण मिरजेत असेल, मुरगावच्या धक्क्यावरही असेल. बार्शी लाइटची गोष्ट वेगळी. तिचे रूळ इतर कोणाशीच जुळत नसल्याने ती आपले दोनशे मैल सोडून जाऊ शकत नव्हती. कुर्डुवाडीस तिची गाठ ब्रॉडगेजशी पडे. मीटरगेजशी गाठ पडे ती फक्त मिरजेत. म्हणजे ज्या छायाचित्रात बार्शी लाइटची वाघीण आणि मीटरगेजची वाघीण शेजारी शेजारी उभ्या आहेत, ते छायाचित्र मिरजेचेच, आणि १९२७ नंतरचेच. पाठीमागे काहीही लिहिलेले असो.

मिरजेच्या यार्डात या दोन वाघिणी एकमेकींजवळ लावीत आणि हमाल एकीतील पोती पाठीवरून दुसरीत नेत. रुंदी बदलली की प्रत्येक पोते असे माणसाच्या पाठीवरून पुढे जाई. १९७१ मध्ये पुण्याकडून ब्रॉडगेज मिरज-कोल्हापुरास आली आणि तिन्ही रुंद्या एका जंक्शनात नांदू लागल्या. पुढे लोंढ्याकडील मीटरगेज १९९० च्या दशकात गेली आणि २०१० च्या सुमारास पंढरपूरकडील अरुंद रूळही रुंद झाले.

ही सारी उठाठेव कशासाठी, असे वाचकांस वाटत असेल. आमच्या धर्मग्रामातील अनेक जुनी कुटुंबे रेल्वेच्या मागोमाग इकडे आली. कोणी गोव्याहून, कोणी बेळगावकडून, कोणी नगर भागातून. त्यांपैकी एका घरात पणजोबांचे म्हणून एक छायाचित्र भिंतीवर होते. पंचविशीचा तरुण, डोक्यावर टोपी, हात वाघिणीच्या कडीवर. चौकटीवर लिहिलेले : मिरज, १९०५. घराच्या डागडुजीच्या वेळी ते उतरविले तेव्हा आम्ही ते जवळून पाहिले. तरुणाच्या मागे आठ लहान चाकांची, पसरट अंगाची वाघीण, तिच्यावर ‘बी. एल.’ एवढी अक्षरे स्वच्छ. पलीकडे चार चाकांची उंच मीटरगेज वाघीण. १९०५ मध्ये बार्शी लाइट पंढरपुरासही पोहोचली नव्हती, मग मिरजेस कोठून येणार?

आम्ही दफनाची नोंदवही काढली. पणजोबा १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत वारले होते. तेव्हा वाघीण आणि नोंदवही यांचे एकमत झाले, की हा तरुण पणजोबा असू शकत नाही. मग कोण? त्यांचा एकच मुलगा रेल्वेत होता. तो ऐन तारुण्यात वारला, त्याचे एकही छायाचित्र शिल्लक नाही, असे घरात सर्व जण मानत आले होते. त्याची मुलगी आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. वडील गेले तेव्हा ती पाळण्यात होती.

येथे आम्ही तिला सांगितले ते इथेही सांगतो : वाघीण माणसाचे नाव सांगत नाही. तो तरुण त्या घरचा एखादा नातलग असू शकेल, सहकारीही असू शकेल. परंतु चौकट त्याच घरात पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली, आणि चेहरा पणजोबांचा म्हणून खपला इतका घरच्या माणसांसारखा होता. मोठा संभव तिच्या वडिलांचाच आहे. बाईंनी ते छायाचित्र खिडकीपाशी नेले आणि बराच वेळ पाहिले. ‘फादर, माझे वडील माझ्या नातवापेक्षा लहान दिसतात हो,’ एवढेच त्या म्हणाल्या. चौकटीवरील १९०५ त्यांनी पुसू दिले नाही. खाली दुसरी ओळ लिहून घेतली.

असे घोळ एका घरापुरते नसतात. उघड्या वाघिणींत दाटीवाटीने बसलेल्या माणसांचे छायाचित्र दिसले की त्याखाली ‘दुष्काळग्रस्त’ असे छापून मोकळे होण्याची सवय आपल्याकडे आहे. वस्तुतः यात्रा-मेळ्यांच्या वेळी माणसांना मालाच्या वाघिणींतून नेणे ही देशभर रूढ रीत होती. १९१५ च्या हरद्वारच्या कुंभमेळ्यास जाताना यात्रेकरूंना छप्पर नसलेल्या मालाच्या व गुरांच्या डब्यांत कसे कोंबले होते, हे गांधीजींनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. तेव्हा प्रथम वाघीण पाहावी, मग माणसांच्या हाती पताका आहेत की काय ते पाहावे. पंढरीच्या वारकऱ्यांना भुकेले दुष्काळग्रस्त ठरविणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि खरोखर दुष्काळात मेलेल्यांवरही.

दोन सावधगिरीच्या सूचना. जुन्या काचेवरच्या छायाचित्रांत तांबडा रंग काळा उमटतो. काळी दिसणारी वाघीण तांबडी असू शकते, म्हणून रंगावरून काही ठरवू नये. दुसरे, काच उलटी ठेवून छापलेली छायाचित्रेही आढळतात. अक्षरे आरशात पाहिल्यासारखी दिसली तर स्टेशनच उलटे झाले आहे असे समजावे, आणि मग डोंगर कोणत्या बाजूस आहे यावरून वाद घालू नये.

वाघिणीची साक्षही कधी फसवी ठरते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानेने व्याकूळ झाले असता मिरजेतून पाण्याची गाडी निघाली. पहिल्या खेपेस दहा टाक्या आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी, पुढे पन्नास टाक्या. कोटा येथील कारखान्यात वाफेने स्वच्छ केलेल्या त्या टाकीच्या वाघिणी पंढरपूर, कुर्डुवाडी असे सुमारे ३४० किलोमीटर गेल्या. मार्ग बहुतांशी कॅलथ्रॉपचाच, रूळ मात्र रुंद झालेले. त्या गाडीची छायाचित्रे आपल्यापैकी अनेकांनी काढली आहेत. टाकीची वाघीण पाहून शंभर वर्षांनंतरचा जाणकार बिनचूक अनुमान करील, की तेल. ज्यांच्याकडे ती छायाचित्रे कागदावर आहेत त्यांनी मऊ पेन्सिलीने मागे लिहून ठेवावे : पाणी, मिरज ते लातूर, एप्रिल २०१६. शाई वापरू नये. ती काही वर्षांनी पुढच्या बाजूस उमटते.