घुमट, माळवद आणि आपली ओळख

बार्शीच्या जुन्या वस्तीत अजून काही माळवदाची घरे तग धरून आहेत. जाड भिंती, लाकडी तुळया, वर पांढऱ्या मातीचा थर आणि उजेडासाठी छतात ठेवलेला झरोका. बाहेर वैशाख तापला तरी आत गारवा. या घरात हिंदू राहतो की मुसलमान, हे भिंतीवरून ओळखता येत नसे. भगवंताच्या मंदिराचा दगड काळा, आणि जवळच्या परंडा किल्ल्यातील मशिदीचा दगडही काळाच. इथल्या बांधकामाची ओळख इथल्या मातीने, दगडाने आणि उन्हाने ठरवली होती.

मग सिमेंट आले, स्लॅब आली. हवामानाचा विचार मागे पडला आणि ओळख वरून चिकटवण्याची वस्तू झाली. आज गावोगावी मशिदीचे नवे बांधकाम निघाले की कुणीतरी मदिनेच्या हिरव्या घुमटाचे चित्र पुढे करतो. आधुनिक व्हायचे, पण आपली ओळखही ठेवायची, हा प्रश्न केवळ आपल्या मोहल्ल्याचा नाही. साऱ्या देशालाच तो पडला होता.

बार्शीहून सोलापूरमार्गे विजापूर फार लांब नाही. मुहंमद आदिलशाह १६५६ साली वारला. त्याची कबर म्हणजे गोलघुमट. त्याचा शिल्पकार म्हणून याकूत दाबुली याचे नाव सांगितले जाते. दाबुली म्हणजे आपल्या कोकणातल्या दाभोळचा! अडीचशे वर्षांनी इंग्रजांना मुंबईत सरकारी इमारती उभारायच्या होत्या, तेव्हा त्यांची नजर याच घुमटावर गेली. १९१३ साली पूर्ण झालेले मुंबईचे जनरल पोस्ट ऑफिस आणि जॉर्ज विटेटने आखलेले प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, या दोन्हींवर विजापूरची छाप आहे. विटेटच्याच गेटवे ऑफ इंडियात (१९२४) गुजरातच्या सुलतानी वास्तुकलेचे घटक आहेत. इमारती देखण्या आहेत, यात शंका नाही. पण परक्या राज्याने एतद्देशीय दिसावे म्हणून अंगावर चढवलेला तो पोशाख होता.

स्वातंत्र्यानंतर देशापुढे दोन वाटा होत्या. बंगळुरूच्या विधानसौधाने (१९५६) जुन्या मंदिरांचे व राजवाड्यांचे वैभव नव्याने उभे केले. १९५१ पासून चंदीगडच्या आखणीत गुंतलेल्या ल कार्बुझिए यांनी काँक्रीटची नवी भाषा आणली. एका वाटेवर कालची नक्कल होण्याचा धोका, तर दुसरीवर परक्याची.

तिसरी वाट शोधणाऱ्यांत हबीब रहमान यांचे नाव आपण जाणून घेतले पाहिजे. कलकत्त्यात जन्मलेले, अमेरिकेत शिकलेले, वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली काम केलेले हे सरकारी वास्तुविशारद. बराकपूरच्या गांधी घाटात (१९४९) त्यांनी काँक्रीटमध्येच शिखर, घुमट आणि क्रूस यांच्या आकारांचा मेळ घातला. दिल्लीच्या रवींद्र भवनाचा त्यांचा पहिला आराखडा नेहरूंना पसंत पडला नाही. त्यांनी तो पुन्हा मांडला आणि १९६१ मध्ये जाळ्या व छज्जे असलेली, ऊन अडवणारी इमारत उभी राहिली. साहित्य अकादमीचे घर तेच. जामा मशिदीजवळचा मौलाना आझादांचा मजार आणि जामियातील झाकिर हुसेन यांचा मजारही त्यांनीच रचला. झाकिरसाहेबांच्या मजाराच्या आत कललेल्या भिंती तुघलकी इमारतींची आठवण देतात, पण ती नक्कल नव्हे. जाळी इथे शोभेसाठी नाही, सावलीसाठी आहे.

यातून आपण काय घ्यायचे? घुमट परका नाही. सहाशेहून अधिक वर्षे तो या दख्खनचा आहे. तो आपला असल्याचे सिद्ध करण्यासाठी बाहेरून चित्र मागवावे लागत नाही. मात्र घुमट म्हणजेच मशीद, असेही नाही. भर उन्हाळ्यात जुम्याला आलेल्या म्हाताऱ्या नमाजीला पंखा बंद पडला तरी श्वास घेता यावा, वुजूचे पाणी वाया न जाता झाडाला मिळावे, बायांना आणि मुलांना वाचायला एक खोली असावी, याचा विचार झाला तर ती इमारत आधुनिकही होईल आणि आपलीही.

जुनी दगडी कमान पाडण्यापूर्वी मोहल्ल्याने एकदा तिच्या सावलीत बसून पाहावे. ती पाडायला एक दिवस पुरतो. तिच्याबरोबर, आपण इथलेच आहोत याची एक साक्षही जाते.