दरड का कोसळते? वरंध घाटातून समजून घ्या भौतिकशास्त्राच्या मूळ संकल्पना

महाड आणि भोर यांना जोडणारा वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा वाहतुकीसाठी बंद ठेवावा लागतो. कारण एकच, दरडी. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गावाची कोंडाळकरवाडी दरडीखाली गाडली गेली आणि ८० हून अधिक लोकांचा जीव गेला. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडी कोसळल्या.

वर्षानुवर्षे जागेवर असलेला डोंगर एका दिवसात खाली का येतो? याचे उत्तर शाळेत शिकलेल्या भौतिकशास्त्रात आहे.

वस्तुमान आणि वजन

वस्तुमान म्हणजे वस्तूत किती द्रव्य आहे ते. ते किलोग्रॅममध्ये मोजतात. वजन म्हणजे पृथ्वी त्या वस्तूला ज्या बलाने खाली ओढते ते बल. ते न्यूटनमध्ये मोजतात. १०० किलो मातीचे वजन सुमारे ९८० न्यूटन असते.

स्थिर वस्तूवरही बल असते

डोंगर हलत नाही, म्हणजे त्याच्यावर बल नाही असे नाही. त्याच्यावरची बले एकमेकांना तोलून धरतात, त्यांची बेरीज शून्य होते. न्यूटनचा पहिला नियम हेच सांगतो.

उतारावर वजनाचे दोन भाग पडतात. एक भाग माती उतारावरून खाली ओढतो, दुसरा तिला खालच्या खडकावर दाबून धरतो. उतार ३० अंशांचा असेल, तर आपल्या १०० किलो मातीवर खाली ओढणारे बल सुमारे ४९० न्यूटन आणि दाबणारे बल सुमारे ८५० न्यूटन असते.

घर्षण: डोंगराला धरून ठेवणारे बल

माती आणि खडक यांच्यातले घर्षण माती किती जोराने दाबली गेली आहे यावर अवलंबून असते. घर्षणांक ०.७ धरला, तर जास्तीत जास्त घर्षण ८५० × ०.७ = ५९५ न्यूटन. ओढणाऱ्या ४९० न्यूटनपेक्षा हे जास्त आहे. म्हणून माती जागेवर राहते.

पाणी काय बिघडवते?

पाण्यामुळे माती 'निसरडी' होते एवढेच आपण ऐकलेले असते. खरी गोष्ट त्याहून मोठी आहे.

* वजन वाढते. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर १ लिटर, म्हणजेच १ किलो पाणी. २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत पोलादपूरच्या माथ्यावरच्या महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे दर चौरस मीटरवर ५९४ किलो पाणी! यातले बरेचसे वाहून जाते, पण बाकीचे मुरते.
* पाणी आतून वर ढकलते. सह्याद्रीचा खालचा काळा पाषाण पाणी सहज आत घेत नाही. त्यामुळे वरच्या मातीत पाणी साठते आणि त्याचा दाब मातीला उचलून धरतो. ओल्या ओट्यावर ठेवलेली गरम आमटीची वाटी आपोआप सरकते, ते आठवा. तिथे तळाखाली अडकलेली तापलेली हवा वाटीचा थोडा भार उचलते. डोंगरात तेच काम पाणी करते.

समजा, या दाबामुळे ८५० न्यूटनचे दाबणारे बल ६०० वर आले. आता घर्षण ६०० × ०.७ = ४२० न्यूटन. ओढणारे बल मात्र निदान ४९० आहेच. तोल गेला, माती निघाली.

मग इतका वेग कुठून येतो?

उंचावरच्या वस्तूत स्थितिज ऊर्जा असते. खाली येताना तिची गतिज ऊर्जा होते. १ टनाचा धोंडा १०० मीटर खाली आला, तर सुमारे ९ लाख ८० हजार ज्यूल ऊर्जा मोकळी होते. काहीच अडथळा नसेल, तर त्याचा वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास जाईल. प्रत्यक्षात घर्षणामुळे तो कमी असतो. पण एकदा घसरण सुरू झाली की घर्षण आधीपेक्षा कमी होते, म्हणून दरड थांबत नाही आणि पळायला वेळ मिळत नाही.

माणसाचा हात कुठे?

रस्त्यासाठी किंवा घरासाठी डोंगराचा पायथा उभा कापला, की वरच्या मातीचा खालचा आधार जातो. झाडे तोडली, की मातीला बांधून ठेवणारी मुळे कुजतात.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

* जमिनीला किंवा भिंतींना नव्या भेगा पडणे
* झाडे, विजेचे खांब कलणे
* झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे किंवा नवा झरा फुटणे
* दारे-खिडक्या अचानक घट्ट बसणे
* डोंगरातून गडगडाट किंवा दगड घरंगळल्याचा आवाज येणे

अशा वेळी घर सोडा, उताराच्या रेषेतून बाजूला व्हा आणि ११२ किंवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ या क्रमांकावर कळवा. पाऊस थांबला म्हणून लगेच परतू नका. मुरलेले पाणी निचरायला वेळ लागतो, तोवर आतला दाब कायम असतो.