घरच्या घरी गाडीला रंग द्यायचाय? पैसे कुठे वाचतात आणि लोक कुठे फसतात, समजून घ्या

गॅरेजवाला गाडीभोवती एक चक्कर मारतो, बोनेटवर बोट फिरवतो, दाराखालचा गंज नखाने खरवडून बघतो आणि आकडा सांगतो. दहा-बारा वर्षं जुन्या हॅचबॅकच्या फुल बॉडी पेंटचा तो आकडा ऐकला की मालकाच्या मनात पहिला प्रश्न येतो, एवढ्यात गाडीच गेली असती ना? मग रात्री मोबाइलवर व्हिडिओ सुरू होतात. सोसायटीच्या पार्किंगमधली मळकी गाडी, चार स्प्रे कॅन आणि दहा मिनिटांत सगळं चकाचक.

घरी गाडी रंगवता येते, हे खरं आहे. पण त्या दहा मिनिटांत दोन गोष्टी दिसत नाहीत. एक म्हणजे आधीचं दोन-तीन दिवसांचं घासकाम, आणि दुसरी म्हणजे रंगवणाऱ्याच्या फुफ्फुसात काय गेलं ते.

गाडीवर नेमका किती रंग असतो?

कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर चार थर असतात. सगळ्यात आत गंज रोखणारा थर. अख्खी बॉडी टाकीत बुडवून, वीज सोडून तो चढवतात. त्यावर प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि शेवटी पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरते, म्हणजे डोक्याच्या दोन केसांएवढी. चमक दिसते ती क्लिअर कोटची, आणि तो एकटा जेमतेम 40-50 मायक्रॉनचा असतो.

कारखान्यात हा रंग 140 अंशांच्या आसपास तापवलेल्या भट्टीत पक्का होतो. रंगवायच्या वेळी काचा, वायरिंग, सीट काहीच बसवलेलं नसतं म्हणून ते जमतं. चांगल्या गॅरेजच्या पेंट बूथमध्ये 60 अंशांपर्यंत ऊब देतात. घरी यातलं काहीच नसतं. त्यामुळे घरचा रंग एक तर थिनर उडून वाळतो किंवा हार्डनरच्या रासायनिक क्रियेने कडक होतो. पुढची सगळी निवड या फरकावर ठरते.

थोडं विषयांतर. फर्निचरवाले आजही ज्याला ‘ड्युको पेंट’ म्हणतात, ते नाव गाड्यांकडूनच आलंय. 1920च्या दशकात अमेरिकेच्या ड्युपाँट कंपनीने ड्युको नावाचा झटपट वाळणारा लॅकर आणला आणि जनरल मोटर्सच्या ओकलँड गाड्यांवर तो वापरला गेला. त्याआधी एका गाडीचा रंग वाळायला आठवडे लागायचे. आपल्याकडे स्वस्तातला ‘एनसी पेंट’ मिळतो, तो याच कुळातला.

आधी बघा, रंगाची खरंच गरज आहे का?

ओरखड्यावरून हलकेच नख फिरवा. नख अडकलं नाही तर ओरखडा क्लिअर कोटमध्येच आहे. रबिंग कंपाउंड आणि पॉलिशने तो बराचसा जातो, रंगाची गरज नाही. राखाडी रेघ दिसत असेल तर खरवड प्रायमरपर्यंत पोचलीय. पत्रा चमकत असेल किंवा तांबूस दिसत असेल, तर मात्र पावसाळ्याची वाट बघू नका.

गाडी नुसती निस्तेज झाली असेल तर ओल्या फडक्यावर थोडं कंपाउंड घेऊन एक कोपरा घासून बघा. अनेकदा खाली चांगला रंग शाबूत असतो. पण छतावर किंवा बोनेटवर सोलल्यासारखे पांढरट चट्टे असतील तर क्लिअर कोट गेलाय, तिथे पॉलिश काही करू शकत नाही. उन्हाचा मारा या दोन भागांवरच सर्वात जास्त होतो.

इन्शुरन्सचाही हिशेब करा. क्लेम न केलेल्या वर्षांसाठी मिळणारा नो क्लेम बोनस 20 टक्क्यांपासून सुरू होतो आणि सलग पाच वर्षांनी 50 टक्क्यांपर्यंत जातो. एका बंपरसाठी क्लेम केला तर तो शून्यावर येतो. छोटं काम घरी करण्यात खरी बचत असेल, तर ती बहुतेकदा इथे असते.

रंग कुठला घ्यायचा?

‘पांढरा द्या’ म्हणून चालत नाही. प्रत्येक गाडीला रंगाचा कोड असतो. तो बहुतेक वेळा इंजिनाच्या खोलीतल्या पट्टीवर किंवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर सापडतो. ऑटो पेंटच्या दुकानात कोड दिला की रंग मिसळून मिळतो, काही ठिकाणी स्प्रे कॅनमध्ये भरूनही देतात. तरी जुन्या गाडीचा रंग उन्हाने उतरलेला असतो. कोड अगदी बरोबर असला तरी नवा तुकडा वेगळा दिसू शकतो. आधी पुठ्ठ्यावर मारून, वाळवून, उन्हात गाडीजवळ धरून बघा.

साधा पांढरा, लाल, काळा असे सॉलिड रंग नवख्याला जमतात. मेटॅलिक सिल्व्हरच्या वाट्याला पहिल्या प्रयत्नात जाऊ नये. त्यात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात आणि हात जरा जड पडला की तिथे काळपट ढग दिसतात. पर्ल व्हाइट त्याहून अवघड.

एका 400 मिलीच्या कॅनमध्ये साधारण एक-दीड चौरस मीटर भाग होतो, म्हणजे एखादं दार. अख्खी गाडी कॅनने रंगवायची म्हटलं तर कॅनचाच ढीग होईल आणि रंग जागोजागी वेगळा दिसेल. त्यासाठी स्प्रे गन आणि मोठा कॉम्प्रेसर लागतो. टायरमध्ये हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर तिथे पुरत नाही. म्हणून कमी बजेटमध्ये घरचं काम म्हणजे एक-दोन पॅनल. बंपरचा कोपरा, दाराचा खालचा भाग, फेंडर. मास्क, पेपर, प्रायमर, क्लिअर हे सगळं धरलं तर पहिल्या पॅनलमागे फार काही वाचत नाही. दुसऱ्या पॅनलपासून वाचायला लागतं.

पंधरा आणे काम रंगाआधीचं

गाडी साबणाने धुवा, वाळवा आणि मग ग्रीस-वॅक्स काढणाऱ्या द्रावणाने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पेट्रोलने पुसू नका, ते मागे तेलकटपणा ठेवतं. पूर्वीच्या पॉलिशमधलं सिलिकॉन पत्र्यावर राहिलं तर नवा रंग तिथून मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. हे पुसणं घासण्याच्या आधी करायचं. नाहीतर घासताना तेच सिलिकॉन ओरखड्यांत भरलं जातं.

गंज दिसेल तिथे चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासायचं, त्यावर इपॉक्सी प्रायमर. रंगाखाली फुगे आले असतील तर गंज बहुधा आतून आलाय. मुंबई-कोकणातल्या खाऱ्या हवेत दाराची खालची कड आणि चाकांवरची कमान अशीच जाते. तिथे पत्रा टोचून बघा. भोक पडलं तर ते काम वेल्डिंगवाल्याचं आहे. वरून पुट्टी भरून रंग मारला तर पुढच्या पावसाळ्यानंतर फुगा परत येतो.

पोचा भरायची पुट्टी पातळ थरात लावा आणि कोरडीच घासा. ही पुट्टी पाणी पिते आणि ते पाणी नंतर रंगाखालून गंज काढतं. आधी 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 180, मग 320. पेपर बोटांनी दाबून घासला की पत्र्यावर बोटांच्या सऱ्या पडतात. आत्ता त्या दिसत नाहीत, क्लिअर कोट चमकला की दिसतात. म्हणून पेपर लाकडी किंवा रबरी ठोकळ्यावर गुंडाळा. पुट्टीवर प्रायमरचे दोन-तीन हात द्या आणि तो पूर्ण वाळला की 600च्या वॉटर पेपरने हलकं घासा. प्लॅस्टिकच्या बंपरला वेगळा प्लॅस्टिक प्रायमर लागतो, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा सुटतो.

रंग मारताना

पावसाळ्यात हे काम काढूच नका. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प बसतं आणि एनसी रंगावर दुधाळ झाक येते. एप्रिल-मेच्या भर दुपारी उलट त्रास, रंग पत्र्यावर पोचायच्या आत अर्धा वाळतो आणि खरखरीत बसतो. दिवाळीनंतर, दव वाळल्यावर, सकाळी दहा ते एक ही वेळ बरी. पॅनल सावलीत हवा.

कॅन दोन-तीन मिनिटं हलवा. पत्र्यापासून साधारण वीतभर, 20-25 सेंटीमीटर अंतर ठेवा. फवारा पॅनलच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा येऊ द्या. पहिल्या हाताला खालचं दिसत राहणारच. तिथेच लोक घाबरून जाड मारतात आणि रंग ओघळतो. दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. ओघळ आलाच तर ओल्यावर बोट लावू नका. वाळू द्या, घासा, पुन्हा मारा.

अमेरिकेत काही वर्षांपूर्वी रोलरने गाडी रंगवायची ‘पन्नास डॉलर’वाली पद्धत इंटरनेटवर गाजली होती. पातळ केलेला इनॅमल फोमच्या रोलरने लावायचा, दर दोन हातांनंतर ओलं घासायचं आणि असे अनेक हात द्यायचे. ती चालते आणि शेजाऱ्याच्या गाडीवर कणही उडत नाहीत. पण त्यात आठवडे जातात आणि मेटॅलिकला ती निरुपयोगी आहे.

सगळ्यात महत्त्वाचं: श्वास

क्लिअर कोट दोन प्रकारचा मिळतो. वन-के थेट मारता येतो, पण तो नाजूक असतो. झाकणाजवळ पेट्रोल सांडलं तरी डाग पडतो. टू-केमध्ये हार्डनर मिसळावा लागतो, आणि तो टिकाऊपणात गॅरेजच्या कामाजवळ जातो. व्हिडिओंमध्ये म्हणूनच त्याची शिफारस असते.

त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. जगभरात गाड्या रंगवणाऱ्या कामगारांना होणाऱ्या दम्याचं ते एक ठळक कारण आहे. एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही दम्याचा झटका येऊ शकतो. वासावरून धोका कळत नाही. रुमाल, सर्जिकल मास्क किंवा एन-95 ही वाफ अडवत नाहीत. व्यावसायिक बूथमध्ये यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारे मास्क वापरतात. ती सोय नसेल तर घरी टू-के मारू नये, हेच शहाणपणाचं. क्लिअर कोट तेवढा गॅरेजमधून मारून घ्या किंवा वन-केवर समाधान माना. वन-केलाही ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क, नायट्राइल हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा लागतेच. दमा असलेल्यांनी यात पडूच नये.

थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये किंवा गॅस गीझर आणि देवघरातली समई जवळ असलेल्या जागी हे काम करू नका. फवाऱ्याचे कण वाऱ्याने बरेच लांब जातात, त्यामुळे आजूबाजूच्या गाड्या आधी हलवून घ्यायला सांगा.

आरटीओला सांगावं लागतं का?

त्याच रंगात रंगवलं तर नाही. पण आरसीवर गाडीचा रंग नोंदलेला असतो. तो बदलायचा असेल तर आधी आरटीओकडे जा, नोंद बदलून घ्या आणि इन्शुरन्स कंपनीलाही कळवा. ऑलिव्ह ग्रीन हा लष्करी हिरवा रंग खासगी गाडीला देताच येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 121 तो फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखून ठेवतो.

15 वर्षांनंतरच्या रीपासिंगसाठी रंग काढत असाल तर तारखेच्या आधी निदान महिनाभर हाताशी ठेवा. नवा रंग हाताला वाळलेला लागतो, पण आतून कडक व्हायला आठवडे घेतो. पहिला आठवडा गाडी धुऊ नका, महिनाभर वॅक्स लावू नका आणि कव्हरही घालू नका. उरलेला थिनर मोरीत ओतू नका, डबा घट्ट बंद करून पुढच्या कामाला ठेवा. थिनरने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात न टाकता बाहेर पसरून वाळवा आणि मगच फेका.